गुरुजी हळवे होते, एवढंच?

भामरागडच्या एका होस्टेलच्या कपाटात ‘श्यामची आई’च्या चार प्रती आहेत. तीन पार फाटलेल्या, चौथीला कव्हरच नाही. मी मे महिन्यात तिकडे गेले होते ती वेगळ्याच स्टोरीसाठी. पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला की कॉलेजच्या पोरांचं काय होतं, असा विषय होता. पण एका संध्याकाळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका माडिया मुलाशी गप्पा मारताना बोलणं त्या कपाटावरून साने गुरुजींवर गेलं. त्यानं मला विचारलं की ताई, ज्या माणसानं इतक्या पोरांना जगायला शिकवलं, त्यानं स्वतःचं आयुष्य का संपवलं? शाळेत त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मोबाइलवर वाचलं होतं. मग जरा थांबून, खाली बघत तो म्हणाला की आमचा दादाही मधे तसंच बोलायचा.

मी आपण सगळे देतो तेच उत्तर दिलं. गुरुजी फार हळवे होते, स्वातंत्र्यानंतर देशाची झालेली अवस्था त्यांना बघवली नाही, वगैरे. त्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर देताना मलाही पटलं नव्हतं.

म्हणून हा लेख. पुढे जायच्या आधी एक गोष्ट सांगते. यात आत्महत्येचा विषय आहे. वाचताना जड वाटलं तर पान बाजूला ठेवा आणि कुणाशी तरी बोला. घरी बोलता येत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

तर गुरुजी. पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. घराणं एकेकाळी खोतीचं, पण यांच्या वाट्याला आली ती गरिबीच. शिक्षणासाठी दापोली, मग औंध, मग पुणे अशी वणवण. औंधला हातानं भाकरी थापून खाल्ली, कधी तीही नाही. १९१७ मध्ये आई गेली. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, तुमच्यातल्या अकरावी-बारावीवाल्यांच्या वयाचे. पुढे एम.ए. झाले, अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले.

अंमळनेरची ही सहा वर्षं मला सगळ्यात आवडतात. होस्टेलची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या वळकट्या आवरणं, कपडे धुणं, आजारी पोराजवळ रात्र रात्र बसणं ही कामं ते करायचे, आणि ती करताना भाषण द्यायचे नाहीत. रोज हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. एक माणूस, एक होस्टेल आणि रोजचं दैनिक! मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली, पण आमच्या बॅचला लॅब जर्नल महिन्यातून एकदा काढताना घाम फुटायचा. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक आलं. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, मास्तरांनी नोकरी सोडली आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरवून घ्यायचे. आज आपण ‘गीता प्रवचने’ वाचतो ती त्यामुळेच. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते तर तमिळच शिकले आणि तिरुक्कुरळ मराठीत आणलं.

आणि नाशिकचा तुरुंग, फेब्रुवारी १९३३. इथे ‘श्यामची आई’ लिहून झालं. पाच दिवसांत.

इथे जरा थांबू या. तुम्ही आजकालच्या रील्स बघत असाल तर तुमच्या डोक्यात आलंही असेल. पाच दिवसांत अख्खं पुस्तक! मध्येच तुफान काम, मध्येच डोळ्यांत पाणी, शेवटी आत्महत्या. म्हणजे बायपोलर! कॉमेंटमध्ये असं लिहून मोकळं होणारे खूप भेटतात. उलट बाजूला घरातली मोठी माणसं असतात. त्यांच्या मते काही आजार-बिजार नाही, स्वभाव. मला दोन्ही बाजू सारख्याच घाईच्या वाटतात. आणि या घाईची किंमत भामरागडच्या त्या पोराच्या दादानं मोजली आहे. तिकडे येतेच.

आधी हे बघू की डिप्रेशनचे हे दोन प्रकार वेगळे कशानं होतात. युनिपोलर म्हणजे एकाच ध्रुवाचं. माणूस दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज खचलेला असतो. कशात मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण नसतं, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहतं, मरणाचे विचार येतात. मग कधी बरा होतो, कधी पुन्हा तेच येतं. पण तो खाली जातो आणि परत जमिनीवर येतो. जमिनीच्या वर उडत नाही. बायपोलरमध्ये दुसरा ध्रुवही असतो. काही दिवस किंवा आठवडे मन आणि शरीर भलत्याच वेगानं धावतं. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, विचारांवर विचार आदळतात, पैसा पाण्यासारखा जातो, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. हे आठवडाभर टिकलं, किंवा दवाखान्यात ठेवण्याइतकं वाढलं, तर त्याला उन्माद म्हणजे मेनिया म्हणतात. चार दिवस टिकलं, इतरांच्या लक्षात आलं, पण संसार मोडण्याइतकं गेलं नाही तर हायपोमेनिया.

खरी गोची पुढे आहे. खाली असताना हे दोन्ही आजार जवळपास सारखेच दिसतात. रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही की ज्यात हा एकध्रुवीय आणि हा द्विध्रुवीय असं छापून येईल. (थायरॉइड बघतात, पण ते दुसरं काही नाही ना याची खात्री करायला.) बायपोलरचा माणूस बहुतेक वेळा डॉक्टरकडे जातो तो खाली असतानाच. वर असताना कोण जातो दवाखान्यात? तेव्हा तर आयुष्यातले बेस्ट दिवस चालू असतात. म्हणून कितीतरी जणांना आधी साधं डिप्रेशन असं सांगितलं जातं आणि खरं निदान व्हायला वर्षं जातात. त्यात हा आजार साधारण सुरू होतो तो कॉलेजच्या वयातच, म्हणजे आपल्याच वयात.

म्हणून चांगला डॉक्टर आज कसं वाटतंय एवढ्यावर थांबत नाही. तो मागचं विचारतो. याच्या आधी कधी याच्या उलट झालं होतं का? कमी झोपूनही भरपूर उत्साह? घरात कुणाला असं होतं? पहिलं डिप्रेशन फार लहान वयात आलं का, बाळंतपणानंतर आलं का, डिप्रेशनमध्ये झोप उडण्याऐवजी माणूस दिवसभर झोपूनच राहिला का, गोळ्या सुरू केल्यावर एकदम वेगळाच झाला का? आणि हे सगळं फक्त पेशंटला नाही, तर त्याला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. कारण वर असतानाचे दिवस पेशंटला आजार म्हणून आठवतच नाहीत.

आता नाशिकच्या त्या पाच दिवसांकडे परत जा. वेगानं लिहिणं हा पुरावा नाही. डॉक्टर विचारेल की हा बदल होता का, का हा माणूस नेहमीच असा होता? आणि गुरुजी तर आयुष्यभर लिहीतच होते, तुरुंगात असोत की बाहेर. होस्टेलात रोज दैनिक काढणाऱ्याचा हात आधीच तयार झालेला. शिवाय ‘श्यामची आई’ वाचताना कुठे भरकटल्यासारखं वाटतं का? पंधरा वर्षांपूर्वी गेलेली आई एकेका रात्रीच्या गोष्टीतून नीट, क्रमानं, शांतपणे उभी केली आहे. पाच दिवसांचा आकडा ऐकून आपण हुरळतो, मजकूर बघत नाही.

पंढरपूरचंही तेच. अस्पृश्यांना विठ्ठलाचं दर्शन घेता यावं म्हणून गुरुजी आधी काही महिने गावोगाव हिंडले, सभा घेतल्या, सेवा दलाची पोरं बरोबर होती. मग १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवस. गांधीजींपर्यंत सुरुवातीला चुकीची माहिती गेली आणि उपोषण सोडा असा त्यांचाच निरोप आला, तरी हे हलले नाहीत. शेवटी मंदिर खुलं झालं. प्रचंड ऊर्जा, प्रचंड हट्ट. पण त्यामागे विचार होता, तयारी होती, सोबत माणसं होती आणि शेवटी हाताला काहीतरी लागलं. उन्मादात माणूस पन्नास गोष्टी सुरू करतो आणि एकही पुरी होत नाही. प्रत्येक झपाटलेल्या माणसाला बायपोलर म्हणायचं ठरवलं तर महाराष्ट्राचा निम्मा इतिहास केस पेपरवर घालावा लागेल!

मग उतरण. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, आणि खुनी महाराष्ट्रातला निघाला. गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचं उपोषण केलं. अपराधीपणाची भावना हे डिप्रेशनचं एक लक्षण आहे हे खरं. पण गांधींच्या परंपरेत प्रायश्चित्ताचं उपोषण ही राजकीय, नैतिक कृती होती. ते लक्षण म्हणून खात्यावर टाकायचं का? मी टाकणार नाही. कारण त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. पुढच्या वर्षी पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं, पोरांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, अशी. तमिळ शिकलेला माणूस हे बोलत होता, नुसता उपदेश नव्हता. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस कामात होता. लिहीत होता, पुतणी सुधाला सुंदर पत्रं पाठवत होता.

११ जून १९५० ला त्यांनी आयुष्य संपवलं. वय पन्नास.

का, याचं एक कारण सांगणारे बरेच आहेत. मी सांगणार नाही, कारण आत्महत्येला एक कारण कधीच नसतं. आजार, एकटेपण, थकवा, बाहेरची परिस्थिती असे बरेच धागे एकत्र वळले जातात. आणि गुरुजींना युनिपोलर डिप्रेशन होतं की बायपोलर, की यातलं काहीच नव्हतं, हे आज पुस्तकांवरून ठरवता येत नाही. समोर बसून वरचे प्रश्न विचारल्याशिवाय निदान होत नसतं. पण एक गोष्ट मात्र तारखांवरून सरळ दिसते. ती मी जुळवून पाहिली तेव्हा अंगावर काटा आला.

एमिल क्रेपेलिन नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत उन्माद आणि नैराश्य यांना एकत्र बांधून त्याला एका आजाराचं रूप दिलं, तेव्हा साल होतं १८९९. गुरुजींच्या जन्माचं साल. क्रेपेलिनच्या त्या गाठोड्यात नुसतं खाली जाणारे आणि वर-खाली दोन्हीकडे जाणारे असे सगळेच होते. त्यातले नुसतं खाली जाणारे वेगळे आहेत, ही फोड कार्ल लिओनहार्डनं मांडली १९५७ मध्ये, आणि ती सगळीकडे मान्य व्हायला १९६६ नंतरचा काळ उजाडला. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर आपण शोधतोय, तो प्रश्न गुरुजींच्या अख्ख्या आयुष्यात धड विचारताच येत नव्हता. आणि औषधं? डिप्रेशनवरच्या पहिल्या गोळ्या आल्या १९५७ च्या सुमाराला. त्याआधी गंभीर नैराश्यावर उपचार होता तो विजेच्या झटक्यांचा, तोही मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांत. आत्महत्येचा प्रयत्न हा तर तेव्हा गुन्हाच होता. जगलात तर पोलीस.

पण सगळ्यात जवळून हुकलेली तारीख आहे ती ३ सप्टेंबर १९४९. गुरुजींच्या जाण्याच्या अवघे नऊ महिने आधी, ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं तिथल्या मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख छापला. हा जपान्यांच्या छावणीत युद्धकैदी म्हणून साडेतीन वर्षं काढून आलेला माणूस. हॉस्पिटलच्या एका पडीक स्वयंपाकघरात गिनिपिगांवर प्रयोग करत होता. लघवीतल्या यूरिक आम्लाचा परिणाम तपासायचा होता, ते पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यानं लिथियमचा क्षार वापरला आणि गिनिपिग चक्क शांत पडून राहिले. मग त्यानं लिथियम आधी स्वतः घेऊन बघितलं. मग उन्मादाच्या दहा पेशंटना दिलं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं ताळ्यावर आली. त्याचा पहिला पेशंट तर कामावर परत गेला. पण लिथियमचा औषधी डोस आणि विषारी डोस यात अंतर फार थोडं असतं, आणि तेव्हा रक्तातलं प्रमाण मोजायची सोय नव्हती. तोच पेशंट मे १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेनंच गेला. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शौनं हे औषध नीट अभ्यासून उभं केलं. लिथियम आज पंचाहत्तर वर्षांनंतरही बायपोलरवरचं भरवशाचं औषध आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या औषधांत त्याचं नाव वरचं आहे.

आता दादाची गोष्ट. त्याच्या भावानं परवानगी दिली म्हणून लिहितेय, गावाचं नाव देत नाही.

दादा आधी गप्प झाला. जेवेना, उठेना, शेतावर जाईना. भामरागडमध्ये कुणी असं पडून राहिलं की पहिली शंका मलेरियाची, आणि ती बरोबरच असते. इथला मलेरिया डोक्यातही जातो. रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग पुजाऱ्याकडे झालं. मग एका शहरात कुणी डॉक्टरनं पाच मिनिटांत डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्या. मागचं काही विचारलं नाही. तीन आठवड्यांत दादा उठला. घरात आनंद. मग तो झोपेनासा झाला. रात्री चालत दुसऱ्या गावी जायचा, निवडणुकीला उभं राहणार म्हणायचा, ट्रॅक्टरसाठी व्याजानं पैसे उचलले. घरच्यांना वाटलं पोरगा बरा झाला आणि जरा जास्तच झाला. मग महिनाभरात धाडकन खाली, आधीपेक्षा खोल. तेव्हाच ते मरणाचं बोलणं सुरू झालं.

इथे काय झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या ओळखीतही हे घडू शकतं. युनिपोलर डिप्रेशनमध्ये अँटिडिप्रेसंट गोळ्या हा योग्य उपचार आहे. दोन ते सहा आठवड्यांत परिणाम दिसायला लागतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात. जोडीला समुपदेशन, विचारांच्या सवयी बदलणारी थेरपी. हलक्या डिप्रेशनला कधी नुसती थेरपीही पुरते. पण बायपोलरच्या माणसाला याच गोळ्या एकट्या दिल्या तर त्या त्याला खालून उचलून सरळ उन्मादात फेकू शकतात, वर-खालीचा झोका आणखी जोरात हलू शकतो. तिथे आधी मूड स्थिर करणारं औषध लागतं. लिथियम, किंवा क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन अशी औषधं. उन्मादात व्हॅल्प्रोएटही देतात, पण मुलींनो, ते पोटातल्या बाळाला घातक असतं, तेव्हा ते कुणी लिहून दिलं तर हा विषय डॉक्टरशी उघडपणे बोलाच. आणि हे वाचून चालू असलेली गोळी मनानं बंद करू नका. शंका असेल तर त्याच डॉक्टरला जाऊन सांगा की मला मधे असंही झालं होतं.

पुढे दादाला गडचिरोलीला नेलं. भामरागडहून दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त. तिथल्या डॉक्टरनं दादाशी बोलून झाल्यावर आईकडे मोर्चा वळवला. आईला माडियाशिवाय काही येत नाही. दुभाष्या कोण, तर बी.ए.चा हा पोरगा. स्वतःच्या भावाच्या आजाराचे प्रश्न आईला विचारायचे आणि तिची उत्तरं डॉक्टरला सांगायची. तो म्हणाला, मरणाचा प्रश्न आईला विचारताना त्याची जीभ वळेना. पण उलट झालं होतं का, हा प्रश्न आल्यावर आई लगेच बोलायला लागली. दादा बारावीत होता त्या वर्षी दहाएक दिवस तो झोपला नव्हता. घराला नवं कुंपण घालायला घेतलं, अर्ध्यात सोडलं, नदीवर मासे धरायला रात्रीचा गेला, गाणी म्हणत फिरला. गावातल्या सगळ्यांना ते आठवत होतं. हसण्यावारी नेलं होतं एवढंच. मुलानं हे मराठीत सांगितलं आणि डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

मला इथे भामरागडचं एक वेगळंच रूप दिसलं. आपण शहरातले म्हणतो की तिथे सायकिअॅट्रिस्ट नाही, काहीच नाही. खरंय ते. देशभराच्या २०१५-१६ च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही बायपोलरच्या दहातल्या सातांना उपचार मिळत नाहीत असंच निघालं. पण या निदानाला मशीन लागत नाही, आठवण लागते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चार रूममेट राहतात, त्यांना एकमेकांची मागच्या वर्षीची झोप माहीत नसते. दादाच्या गावात पाच वर्षांपूर्वीचं अर्धवट कुंपणसुद्धा लोकांच्या लक्षात होतं. विचारणारं कुणीतरी हवं होतं.

आणि गुरुजींबद्दल मला हेच खटकत राहतं. त्यांच्याभोवती माणसं कमी नव्हती. जीव लावणारी, त्यांच्या शब्दावर तुरुंगात जाणारी. पण हळवे, मातृहृदयी, सतत डोळ्यांत पाणी असणारे असं त्यांचं चित्र पक्कं झालेलं. अशा माणसाचं खचणं वेगळं कसं ओळखायचं? नेहमी रडणारा माणूस आज आजारी म्हणून रडतोय, हे कुणाच्या ध्यानात येणार? ज्याच्या हाताखाली अख्खी पिढी मोठी झाली, त्या माणसाला झोप लागते का, हे विचारायचं कुणी आणि कुठल्या तोंडानं? मी दोष देत नाहीये. तेव्हा विचारूनही पुढे करता येण्यासारखं फार थोडं होतं. आजचं तसं नाही. प्रयत्न करून वाचलेल्याला गुन्हेगार न मानता तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेलं आहे.

दादाला लिथियम सुरू झालं. इथे भामरागड पुन्हा आडवं येतं. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं प्रमाण वाढतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, पहाटेपासून जंगलात पानं तोडायची, मग फळीवर पोचवायची, ऊन कपाळ फोडणारं. म्हणून डॉक्टरनं बजावलंय की पाण्याची बाटली सोडायची नाही, जेवणातलं मीठ एकदम कमी-जास्त करायचं नाही. उलट्या-जुलाब, ताप आला, हात जास्त कापायला लागले, चालताना तोल गेला तर तडक दवाखाना. अंगदुखीवर आयब्रुफेनसारखी गोळी मनानं घ्यायची नाही, त्यानंही लिथियम चढतं. दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं. प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या मधे हवं. मूत्रपिंड आणि थायरॉइडही बघतात. आणि पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की भामरागड तुटतं. लिथियम एकदम बंद पडलं तर आजार उसळून येतो. म्हणून जूनच्या आत दोन महिन्यांच्या गोळ्या घरात हव्यात. त्यांनी त्या डब्यात घालून, वर प्लास्टिक बांधून धान्याच्या कणगीजवळ ठेवल्या आहेत, उंदीर पोचणार नाहीत अशा.

पोरानं मला एक वही दाखवली. शंभर पानी, मागे पाढे छापलेली. रोज एक ओळ. तारीख, दादा किती तास झोपला, गोळी घेतली का, पाणी किती प्यायला, बोलणं कमी की जास्त. डॉक्टरनं सांगितलं होतं नुसती झोप लिहायला, बाकीचे रकाने त्यानं स्वतः वाढवले. झोप सलग तीन रात्री चार तासांच्या खाली गेली की फोन करायचा असं ठरलंय. नेटवर्क मिळेल तिथे जाऊन. मी त्याला अंमळनेरच्या त्या हाती लिहिलेल्या होस्टेल दैनिकाबद्दल सांगितलं. तो हसला. म्हणाला, हे दैनिक दादा स्वतःच वाचतो, आणि चुकलं असेल तर खोडून दुरुस्त करतो.

शेवटच्या पानावर पुढच्या रक्त तपासणीची तारीख लिहिली होती. जूनचा पहिला आठवडा, पाऊस लागायच्या आत. खाली पहाटेच्या बसची वेळ, आणि तिच्याखाली दादाच्याच अक्षरात, पाण्याची बाटली.